मांजरांसाठी टू बीएचके?

प्रश्न: आम्ही साताऱ्यात गोडोलीला तिसऱ्या मजल्यावर वन बीएचकेमध्ये राहतो. मी, मिस्टर, सासूबाई आणि दोन मांजरं. चिंगी अडीच वर्षांची (ऑपरेशन झालंय), ढब्बू चौदा महिन्यांचा. दोघंही घराबाहेर जात नाहीत. हॉलमध्ये सतत वास येतो. हल्ली ढब्बू पडद्यावरही करतो. सासूबाई हॉलमध्येच झोपतात, त्या वैतागल्यात. दिवसातून दोनदा फिनेलने पुसून घेतात, तरी फरक नाही. दोघांचा मिळून पगार ५५,०००. घराचा हप्ता ९,२००, अजून आठ वर्षं आहे. गाडीचा हप्ता २,९००, तो पाच महिन्यांत संपेल. सगळं जाऊन महिना ९,००० उरतात. मांजरांवर महिना ३,७०० जातात. बँकेत ३ लाख २० हजारांची एफडी आहे. ४२ लाखांचा टू बीएचके पाहिलाय, म्हणजे एक खोली मांजरांना देता येईल. आताचा फ्लॅट २४ लाखांना जाईल. एजंट दसऱ्याआधी ५१,००० टोकन मागतोय. मिस्टर म्हणतात, त्यापेक्षा ४६,००० रुपयांचं आपोआप साफ होणारं लिटर मशिन (लिटर म्हणजे मांजरांच्या शू-शीच्या ट्रेमधली माती) बारा हप्त्यांत घेऊ. काय करावं?

उत्तर: ताई, टोकन अजून दिलं नसेल तर देऊ नका. मशिनचीही ऑर्डर थांबवा. मग पुढचं वाचा.

आधी घराचा हिशोब मांडू, कारण मोठा खड्डा तिथेच आहे. तुमच्या जुन्या कर्जाचे सुमारे ६ लाख ४० हजार अजून फिटायचे असतील (साडेआठ टक्के व्याज धरून, बँकेच्या स्टेटमेंटमध्ये नेमका आकडा मिळेल). म्हणजे २४ लाखांना फ्लॅट विकला तरी हातात १७ लाख ६० हजार. नव्या घराचे ४२ लाख, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून अंदाजे ३ लाख, दलाली, सामान हलवणं, नवे पडदे, ओटा-कपाटं यांचे किमान १ लाख ३० हजार. झाले ४६ लाख ३० हजार. त्यातून १७ लाख ६० हजार वजा केले, एफडी मोडून ३ लाख २० हजार घातले, तरी साडेपंचवीस लाखांचं कर्ज उरतं. वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी त्याचा हप्ता २२,१०० च्या आसपास बसतो. आज तुम्ही ९,२०० भरता. म्हणजे महिन्याला जवळजवळ १३,००० जास्त, आणि उरतात ९,०००. चार हजार महिन्याला कुठून आणणार? गाडीचा हप्ता संपला तरी अकराशे कमीच पडतात.

दुसऱ्या शब्दांत, मांजरांच्या खोलीचं भाडं महिना तेरा हजार. गोडोलीत एवढ्यात माणसांना चांगली जागा मिळते.

त्यात एफडी संपलेली. तुमचा महिन्याचा खर्च हप्त्यांसकट ४६,००० आहे. ३ लाख २० हजार म्हणजे बरोबर सात महिन्यांचं घर. मिस्टर एमआयडीसीत असतील किंवा नसतील, नोकरी कुणाचीही कधीही जाऊ शकते, आणि सासूबाईंचं वय आहे. ही एफडी तुम्ही गुंतवणूक म्हणून बघताय, मला ती छत्री दिसते. पावसाळ्यात छत्री विकून रेनकोट घ्यायला निघालेल्या माणसाला मी काय सांगणार? आणि उद्या खरंच अडलं तरी मोडायची गरज नाही. बहुतेक बँका एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ती तारण ठेवून लागेल तेवढी उचल, देतात, एफडीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के जास्त दराने. जेवढे वापराल तेवढ्यावरच व्याज.

आता तुमच्या पत्रातली जी ओळ तुम्ही घाईत लिहून गेलात, तिथे मी अडकलो. चिंगीपुढे कंसात 'ऑपरेशन झालंय' असं आहे. ढब्बूपुढे काहीच नाही. चौदा महिन्यांचा बोका, 'हल्ली' पडद्यावर करतो. तो नक्की कसा करतो ते एकदा बघा. मागे वळून, शेपूट ताठ, शेपटीचं टोक थरथरतंय आणि फवारा मागच्या बाजूला सरळ पडद्यावर, असं असेल तर ती साधी शू नाही. तो आपली हद्द आखतोय. न खच्ची केलेल्या वयात आलेल्या बोक्याच्या मुताला जो उग्र वास असतो, तो त्या वयाचाच असतो. खच्चीकरणानंतर बहुतेक बोक्यांचं फवारणं थांबतं किंवा अगदी कमी होतं. तुम्ही ४२ लाखांचं घर घेतलंत तर ढब्बूला आखायला नवीन हद्द मिळेल, एवढंच.

या ऑपरेशनसाठी मी ५,००० रुपये धरलेत. तुमच्या डॉक्टरांकडून आकडा विचारून घ्या, कमी-जास्त होईल. सगळ्या व्यवहारातली सर्वात स्वस्त आणि सर्वात कामाची खरेदी हीच आहे.

दुसरी गोष्ट, फिनेल. सासूबाईंचा यात काही दोष नाही, आपल्याकडे घर स्वच्छ म्हणजे फिनेलचा वास. पण फिनेलमधले फिनॉल मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत. मांजर त्या फरशीवरून चालतं, मग पंजे चाटतं, आणि विष थोडं थोडं पोटात जातं. डेटॉलचंही तेच. शिवाय मुताचा अंश जागेवर राहिला की आपल्याला नाही आला तरी मांजराच्या नाकाला वास येत राहतो आणि ते तिथेच पुन्हा जातं. मुताच्या डागावर ब्लीचही ओतू नका, अमोनियाशी मिसळून त्याचा घातक वायू होतो. पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, सहाशेच्या आसपास बाटली. डाग ओला करून दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवायचा, लगेच पुसायचा नाही. एन्झाइमला मुतातले घटक मोडायला वेळ लागतो. रोजची फरशी साध्या साबणाच्या पाण्याने. पडदा धुवायला टाकायच्या आधी तोही याच्यात भिजवा.

तिसरी गोष्ट तुम्ही पाठवलेल्या फोटोत आहे. हॉलमध्ये चपलांच्या स्टँडला चिकटून शू-शीचा झाकणाचा एकच छोटा डबा, दोन मांजरांत. झाकणाने वास बाहेर थोडा कमी येतो हे खरं, पण तो आत कोंडतो, आणि त्यात डोकं घालायचं मांजराला. दोन मांजरांना तीन ट्रे, असा साधा नियम आहे: जितकी मांजरं तितके, अधिक एक. तीनही शेजारी शेजारी ठेवलेत तर मांजराच्या हिशोबी तो एकच. एक बाथरूमच्या कोपऱ्यात, एक सोफ्यामागे, एक बेडरूममध्ये. दुकानातले महागडे ट्रे घेऊ नका. कपडे भिजवायचे मोठे उथळ टब घ्या, मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट. राजवाड्याकडे भांड्यांच्या दुकानात साडेतीनशेला एक मिळावा. त्यात दोन-तीन इंच जाडीचा लिटरचा थर, बिनवासाचा. लव्हेंडरचा वास आपल्याला आवडतो, मांजराला नाही. सकाळ-संध्याकाळ गोळे उचलायचे. ते संडासात टाकू नका. गोळा होणारं लिटर बहुधा बेंटोनाइटचं असतं, ती पाण्यात फुगणारी माती आहे, पाइपमध्ये फुगली की प्लंबरचं बिल सोसायटी तुमच्या दारी आणेल. आणि साताऱ्याच्या पावसात पोतं उघडं ठेवलंत तर त्यातली माती हवेतलंच पाणी पिऊन बसेल. झाकणाच्या डब्यात ओता.

आता मशिन. मिस्टरांचं गणित समजतं, ४६,००० हे ४२ लाखांपेक्षा कमीच. पण ते मशिन एकच शौचालय आहे, तुम्हाला तीन लागतात. दोन फूट बाय दोन फूट जागा खाणार, मोटारच्या आवाजाला एखादं मांजर बिचकलं की ते पुन्हा सोफ्यामागे. वीज गेली की नेहमीचा ट्रे परत काढावा लागतो. 'नो कॉस्ट', म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या, हप्त्याचंही बघा. बऱ्याचदा रोख घेतल्यावर मिळणारी सूट हप्त्यावर मिळत नाही, वर प्रोसेसिंग फी, आणि व्याजाच्या भागावर अठरा टक्के जीएसटी. कॉस्ट आहे, फक्त वेगळ्या ओळीत लिहिलेली.

मशिनबद्दल माझा एक वैयक्तिक राग आहे, तो सांगून टाकतो. आमच्याकडे अकरा वर्षं एक बोका होता. एका रविवारी संध्याकाळी ट्रे साफ करताना बायको म्हणाली, "आज गोळे हरभऱ्याएवढेच आहेत." तो ट्रेमध्ये जाऊन बसत होता, ताणत होता, काही येत नव्हतं. रात्री दहाला डॉक्टरांनी त्याच्या पोटाला हात लावला आणि माझा हात धरून तिथे ठेवला. मूत्राशय कडक, लिंबासारखं. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते, खडे किंवा कचरा अडकला की शू तुंबते आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. नळी घातली, तीन दिवस ठेवून घेतलं, बिल ३४,००० झालं. तेव्हा आमच्याकडे वेगळे पैसे नव्हते, क्रेडिट कार्ड घासलं, आणि महिना साडेतीन टक्क्यांच्या व्याजाने पुढचे पाच महिने मी, आर्थिक सल्लागार, कार्ड फेडत होतो. हे लोकांना सांगत नाही मी सहसा. पण गोळे हाताने उचलले नसते तर सोमवारी सकाळीच कळलं असतं. मशिनच्या अॅपमध्ये आकडे येतात म्हणे. येत असतील. फावड्याचा दांडा हातात असला की कळतं.

म्हणून माझ्या मते तुमची खरी मोठी जबाबदारी घर नाही, ही आहे. घरातलं मांजर पंधरा वर्षं सहज जगतं. तुम्ही आज वर्षाला ४४,४०० खर्च करता. दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढेल असं धरलं तर पुढच्या चौदा वर्षांत हा आकडा नऊ लाखांच्या वर जातो. हे कर्ज तुम्ही आधीच घेतलंय, फक्त त्याला हप्त्याचं पुस्तक नाही. त्यावर २२,००० चा हप्ता चढवलात तर पहिली काटछाट कुठे होईल? ढब्बूच्या लसीत.

तर पैसे असे लावा. ऑपरेशन ५,०००. तीन टब १,०५०. एन्झाइम क्लीनर ६००. प्रवासाची पेटी १,२००. डॉक्टरकडे नेताना पिशवीत घालून नेलेलं मांजर पोवई नाक्यावर निसटलेलं मी पाहिलंय. खिडक्यांना जाळी २,५००, तिसरा मजला आहे, कबुतरामागे झेपावलेलं मांजर खाली बघत नाही. उरलेलं भिंतीवर घाला. जागा चौरस फुटांत मोजायची सवय आपली आहे, मांजर उंची मोजतं. सुताराकडून दहा इंच रुंदीच्या चार फळ्या, जिन्यासारख्या चढत जाणाऱ्या, शेवटची खिडकीपाशी, ३,००० मध्ये बसतील. वरच्या फळीवर जुनी गोधडी. तुमच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसत असणार, गोडोलीत तो चुकवणं अवघड आहे. तिथे बसून ती दोघं दिवसभर घारी मोजतील. एका जाड फळीला काथ्याचा दोर घट्ट गुंडाळून उभी ठोका, ४०० रुपये, म्हणजे सोफा वाचेल. संध्याकाळी दहा मिनिटं दोरीला पिसं बांधून पळवा. फुकट आहे.

बेरीज १३,७५०. दीड महिन्याच्या बचतीतून होते. कुठलंही कर्ज नाही, एफडी जागच्या जागी.

त्यानंतर एक वेगळं बचत खातं उघडा, नाव हवं तर 'ढब्बू' ठेवा. पहिले पाच महिने हजार रुपये. गाडीचा हप्ता संपला की ते २,९०० त्याच तारखेला तिकडे वळवा, हाताला कळायच्या आत. सतरा महिन्यांत चाळीस हजारांच्या जवळ जाता. आरडीत घालू नका, व्याज जास्त मिळेल पण रात्री दहाला ती मोडता येईलच असं नाही. दिराच्या भिशीत तर नकोच. आणि मोठं काही निघालं तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे, पुण्याला धावायच्या आधी तिथे विचारा.

एक राहिलं. पत्र दोनदा वाचलं तेव्हा वाटलं, खोली मांजरांना नकोय, सासूबाईंना हवीय. त्या हॉलमध्ये झोपतात, ट्रे त्यांच्या उशाशी आहे, आणि हे मोठ्याने म्हणायला घरात कुणी धजावत नाही. ते कारण मला मांजरांपेक्षा जास्त पटतं. पण त्यासाठीसुद्धा हा दसरा नव्हे. गाडीचा हप्ता संपू द्या, ढब्बूचं खातं भरू द्या, त्यानंतर दोन वर्षं महिना दहा हजार फक्त घरासाठी बाजूला पडतायत का ते बघा. पडले तर तोच तुमच्या नव्या हप्त्याचा सराव, आणि तेव्हा मी स्वतः तुमच्याबरोबर फ्लॅट बघायला येईन. तोवर ट्रे त्यांच्या पलंगाजवळून उद्याच हलवा आणि फिनेलची बाटली काढून घेताना कारण नीट समजावून सांगा, नाहीतर ती त्यांना शिक्षा वाटेल.

ऑपरेशननंतर ढब्बूचा वास लगेच जाणार नाही. अंगातले हार्मोन उतरायला काही आठवडे लागतात. सहा आठवडे द्या, मग पडदा हुंगून बघा. एजंटचा फोन आलाच तर सांगा, घरातला एक सदस्य सध्या आजारी रजेवर आहे.