‘प्रतिनिधी’ नेमका कुणाचा?

प्रश्न : मी सोलापुरात एका दैनिकात 22 वर्षं उपसंपादक होतो. रोज दुपारी जिल्हा माहिती कार्यालयाच्या प्रेसनोट यायच्या. गावाचं नाव, तारीख आणि कंसात ‘जिमाका’. पान लावायची घाई असली की ते कंसातलं उडवायचं, वर ‘प्रतिनिधी’ टाकायचं, की झाली बातमी. त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. माझी भाची न्यू जर्सीत असते. ती परवा फोनवर म्हणाली, “मामा, इथं सरकारनं आपलं नाव लपवून बातमी पेरली तर ते बेकायदा असतं.” मी म्हटलं, तुमच्या अमेरिकेत सगळं सोन्याचंच! पण डोक्यातून जाईना. असा कायदा खरंच आहे का? असला तर तो कुणाची मानगूट धरतो, सरकारची की माझ्यासारख्याची?
— एक निवृत्त उपसंपादक, सोलापूर

उत्तर : भाचीचं म्हणणं खरं आहे, पण बारा आणे. उरलेल्या चार आण्यांसाठी मला आधी स्वतःचं एक सांगावं लागेल, कारण तुमचं पत्र वाचताना माझे कान लाल झाले होते.

2003-04 मध्ये मी अमेरिकेतल्या एका लहान शहरात, एका स्थानिक वाहिनीच्या सकाळच्या बुलेटिनवर काम करत होते. पहाटे अडीचला शिफ्ट सुरू. माणसं मोजून सहा आणि भरायचे दोन तास. अशा वेळी उपग्रहावरून येणारं फीड म्हणजे देवासारखं. त्यात दीड-दीड मिनिटाच्या तयार बातम्या असायच्या. शॉट्स, बाइट, आवाज, शेवटी बातमीदाराचं साइन-ऑफ, सगळं जागच्या जागी. सोबत कागदावर अँकरनं काय बोलायचं तेही लिहिलेलं. बहुतेक औषध कंपन्यांच्या, गाड्यांच्या कंपन्यांच्या; अधूनमधून एखाद्या सरकारी खात्याच्या. प्रत्येक टेपच्या सुरुवातीला काही सेकंद एक पाटी दिसायची : कुणी पाठवलं, संपर्क कुणाशी. ती पाटी म्हणजे तुमचं ‘जिमाका’. ती मी कापायचे. कापायलाच लागते, पाटी कुणी प्रक्षेपित करत नाही. पण तिच्यावरचं नाव अँकरच्या तोंडी घालायला कुणी माझे हात बांधले नव्हते. एका सरकारी खात्याची लसीकरणाची गोष्ट मी अशीच सोडली. कोणत्या खात्याची ते इथं महत्त्वाचं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजी मला म्हणाल्या, “तुमच्या बातमीदार मुलीनं किती छान समजावलं!” आमच्याकडे तशी मुलगीच नव्हती. मी ‘थँक यू’ म्हणाले.

थोड्याच दिवसांत कॅरेन रायन हे नाव गाजलं. डिसेंबर 2003 मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी मेडिकेअरच्या, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, नव्या कायद्यावर सही केली. त्यात औषधांच्या खर्चाची सोय होती आणि त्यावरून देशात रणकंदन चाललं होतं. आरोग्य खात्यानं त्या कायद्यावर तयार बातम्या बनवून घेतल्या आणि वाहिन्यांना पाठवल्या. शेवटी एक बाई म्हणते, “इन वॉशिंग्टन, आय’म कॅरेन रायन रिपोर्टिंग.” अँकरसाठी लिहून दिलेल्या ओळींतही ‘बातमीदार कॅरेन रायन’ असंच. प्रत्यक्षात ती कोणत्याही वाहिनीची बातमीदार नव्हती, तिला या कामासाठी घेतलेलं होतं. स्पॅनिश प्रेक्षकांसाठी वेगळी टेप, त्यात अल्बर्टो गार्सिया. किमान 40 वाहिन्यांनी त्यातला काही ना काही भाग दाखवला.

अमेरिकी संसदेची हिशेबतपासणीची एक स्वतंत्र संस्था आहे, जीएओ नावाची. आपल्या ‘कॅग’ची चुलत बहीण समजा. तिनं 19 मे 2004 रोजी निर्णय दिला : हा ‘छुपा प्रचार’ आहे आणि त्यावर केलेला खर्च बेकायदा आहे. खात्याचा बचाव होता की वाहिन्यांना तर माहीत होतं, पाटीवर आमचं नाव होतं, आणि सगळा धंदा अशाच टेपा पाठवतो. जीएओचं उत्तर मला फार आवडतं. त्यांनी विचारलं, ही गोष्ट बनवली कुणासाठी? वाहिनीच्या टेबलावरच्या माणसासाठी की घरी बसलेल्या प्रेक्षकासाठी? प्रेक्षकाला कळायला काही वाटच ठेवली नव्हती. शेजारच्या आजी मला तेव्हा आठवल्या.

गंमत पुढेच आहे. त्याच आरोग्य खात्यानं त्याच कायद्याची पत्रकं आणि टीव्हीवरच्या जाहिरातीही काढल्या होत्या. त्या जीएओनं मार्चमध्ये तपासल्या आणि म्हटलं की यांत महत्त्वाच्या गोष्टी गाळल्यात, तरीही त्या कायद्यात बसतात. कारण त्यांवर खात्याचं नाव होतं. थोडक्यात, नाव लावून अर्धवट सांगितलेलं चाललं. नाव न लावलेलं चाललं नाही. भाचीला हे नक्की सांगा. हा कायदा खरं-खोटं तपासत नाही, बोलणारा कोण हे उघड आहे की नाही एवढंच बघतो.

आता हा कायदा म्हणजे आहे काय? तुमच्या मनात असेल तसं ‘प्रचार प्रतिबंधक अधिनियम, कलम अमुक’ असं काही नाही. तिकडे दरवर्षी खर्चाची विधेयकं मंजूर होतात आणि 1951 पासून त्यांत एक ओळ घातली जाते : संसदेनं परवानगी दिलेली नसेल तर या पैशातला कुठलाही भाग प्रसिद्धी किंवा प्रचारासाठी वापरायचा नाही. बस्स. ‘प्रचार’ म्हणजे काय याची व्याख्याही त्यात नाही. जीएओनं एकेक प्रकरण बघता बघता अर्थ बसवला. खात्यानं स्वतःचीच आरती ओवाळणं, निव्वळ पक्षाचं काम करणं आणि आपलं नाव लपवून बोलणं, या तीन गोष्टी त्यात आल्या.

म्हणजे पकड तोंडावर नसून पाकिटावर आहे. सरकारनं हवं ते बोलावं. नाव झाकून बोलण्यासाठी तिजोरीतून डॉलर काढू नये. 1987 मध्येही याच ओळीवर बोट ठेवलं गेलं. रेगन यांच्या काळात परराष्ट्र खात्यातल्या एका कचेरीनं निकाराग्वाविषयी लेख लिहवून घेतले आणि ते स्वतंत्र तज्ज्ञांचे म्हणून वर्तमानपत्रांत छापून आणले. कचेरीच्या एका अंतर्गत टिपणात या उद्योगाला चक्क ‘पांढरा प्रचार’ म्हटलं होतं! पुढचं प्रकरण बुश यांच्या काळातलं. आर्मस्ट्राँग विल्यम्स हे स्तंभलेखक आणि टीव्हीवरचे भाष्यकार. बुश सरकारच्या शिक्षण कायद्याची भलामण करण्यासाठी 2 लाख 40 हजार डॉलरचा करार, जनसंपर्क कंपनीमार्फत. जानेवारी 2005 मध्ये हे बाहेर आलं आणि सप्टेंबरमध्ये जीएओनं तेही छुप्या प्रचारात काढलं. पुढच्या वर्षी तडजोड होऊन त्यांनी 34 हजार डॉलर परत करायचं कबूल केलं.

राहिलेले चार आणे आता. जीएओचा निर्णय सरकारी खात्यांनी मानायचा का? बुश सरकार म्हणालं, नाही. न्याय खात्याचं मत असं की मजकूर निव्वळ माहिती देणारा असेल, बाजू घेणारा नसेल, तर नाव नसलं तरी बिघडत नाही. मार्च 2005 मध्ये सगळ्या खात्यांना लेखी कळवण्यात आलं की आपल्याला बंधनकारक आहे ते न्याय खात्याचं मत, जीएओचं नव्हे. माहिती कुठं संपते आणि बाजू कुठं सुरू होते हे ज्यानं बातम्यांच्या टेबलावर एक रात्र काढली आहे तो तरी सांगू शकेल का? ‘योजनेचा लाभ घ्या’ ही माहिती की बाजू?

संसदेलाही हे रुचलं नाही. सिनेटर रॉबर्ट बर्ड यांनी मे 2005 मध्ये इराक-अफगाणिस्तानच्या पुरवणी खर्चाच्या विधेयकात एक कलम घुसवलं : सरकारनं बनवलेल्या तयार बातमीत, बातमीच्या मजकुरात किंवा आवाजातच, ती कोणत्या खात्यानं बनवली किंवा पैसे दिले हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. पाटीवर नव्हे, बातमीच्या आत. ज्यानं हे सुचवलं त्यानं माझ्यासारखीचा कापणारा हात पाहिला असावा.

तुरुंगात मात्र यांपैकी कुणीही गेलं नाही. बेकायदा खर्च झाला की खात्यानं तो राष्ट्राध्यक्षांना आणि संसदेला कळवायचा, बहुतेक वेळा एवढाच काय तो चटका.

आणि तुमची मानगूट? खर्चाची ती ओळ सरकारला लागू आहे. वाहिनीला किंवा वर्तमानपत्राला ती हात लावत नाही. वाहिन्यांसाठी 1934 चा प्रसारण कायदा आहे. पैसे घेऊन दाखवलेलं, किंवा वादाच्या सार्वजनिक विषयावर फुकट मिळालेलं साहित्य कुणाचं हे सांगावं लागतं. एप्रिल 2005 मध्ये तिथल्या प्रसारण आयोगानं वाहिन्यांना त्याची आठवण करून दिली. छापील वर्तमानपत्राला तेही नाही. तुम्ही तिकडे असतात तरी सुटला असतात. मी थोडक्यात वाचले.

आपल्याकडे त्या एका ओळीसारखं काही नाही. सर्वोच्च न्यायालयानं मे 2015 मध्ये सरकारी जाहिरातींना मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, पण ती जाहिरातींना. जाहिरात बातमीपासून वेगळी ओळखू यावी असं प्रेस कौन्सिलचे संकेत सांगतात, पण त्या कौन्सिलच्या हातात काठी नाही, छडीही नाही. एक मात्र मान्य करायला हवं. तुमच्या गोष्टीत जिल्हा माहिती कार्यालयानं आपलं नाव लिहूनच पाठवलं होतं. खोडलं ते तुम्ही.

प्रश्न : मी नागपूरला कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘स्मिथ-मुंट कायदा 2013 मध्ये रद्द झाला, तेव्हापासून अमेरिकी सरकारला स्वतःच्या जनतेवर प्रचार करायला मोकळं रान मिळालं’ असं मी एका स्पर्धेत ठासून बोलले. परीक्षकांनी फक्त भुवया उंचावल्या. माझं चुकलं का?

उत्तर : चुकलं, पण तुमच्यासोबत निम्मं जग चुकतं. स्मिथ-मुंट हा 1948 चा कायदा. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या सरकारी प्रसारण सेवेसारखं जे परदेशी श्रोत्यांसाठी बनवलं जातं त्याचा तो कायदा. त्यातला माल घरच्या लोकांना वाटायला 1972 मध्ये बंदी घातली गेली. इंटरनेट आल्यावर ही बंदी हास्यास्पद झाली : मिनेसोटात राहणाऱ्या सोमाली माणसाला स्वतःच्याच देशाच्या सरकारचं सोमाली भाषेतलं प्रसारण कायद्यानं मिळू नये! 2012 मध्ये ती सैल केली आणि जुलै 2013 पासून बदल लागू झाला. मागेल त्याला हा माल आता देता येतो.

रद्द काहीच झालं नाही. ती बंदी परराष्ट्र खातं आणि ही प्रसारणं चालवणारं मंडळ यांच्यापुरतीच होती. आरोग्य खातं, शिक्षण खातं, पेंटागॉन म्हणजे संरक्षण खातं, तिच्यात कधी नव्हतेच. आणि नव्या मजकुरातही असं कलम आहे की या दोघांनी अमेरिकेतलं जनमत घडवण्यासाठी पैसा वापरू नये. वरच्या उत्तरातली खर्चाची ओळ तर जशीच्या तशी आहे. कॅरेन रायन प्रकरणात स्मिथ-मुंटचा काही संबंध नव्हता. पुढच्या वेळी परीक्षकांना हेच सांगा, भुवया खाली येतील.

तुम्हाला चावायला एक कठीण सुपारी देते. 2008 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं उघड केलं की पेंटागॉन निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांना खास माहिती, दौरे, बैठका देत होतं आणि तेच अधिकारी वाहिन्यांवर ‘स्वतंत्र विश्लेषक’ म्हणून बोलत होते. जीएओनं 2009 मध्ये तपासलं आणि नियमभंग नाही असं ठरवलं, कारण पेंटागॉननं त्यांना छुपे पैसे दिल्याचा पुरावा मिळाला नाही. मला हा निर्णय कायद्यानं बरोबर आणि मनाला न पटणारा वाटतो. तुमचं काय ते लिहून कळवा.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका सरकारी कार्यालयाकडून तयार मजकूर आला. ‘माझा या प्रकल्पाला पाठिंबा आहे’ असा. सगळ्यांनी तो आपापल्या नावानं टाकायचा. अमेरिकेत हे चाललं असतं का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : नेमकं हेच झालंय, आणि नाही चाललं. 2014 मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेनं, ईपीएनं, पाण्याविषयीच्या एका वादग्रस्त नियमासाठी एक संदेश तयार केला. त्याचा अर्थ असा की स्वच्छ पाणी मला महत्त्वाचं वाटतं, माझ्या कुटुंबासाठी ईपीएच्या प्रयत्नांना माझा पाठिंबा आहे. 980 जणांनी आपापली खाती त्यासाठी जोडू दिली आणि एका ठरलेल्या क्षणी तो सगळीकडून एकदम उमटला. पोहोच 18 लाख माणसांपर्यंत. ज्यांनी खाती दिली त्यांना माहीत होतं, पण त्यांच्या मित्रमंडळींना ‘मी’ म्हणणारा मी नाही, ईपीए आहे, हे दिसत नव्हतं. डिसेंबर 2015 मध्ये जीएओनं याला छुपा प्रचार म्हटलं. ईपीएनं मान्य केलं नाही.

आपल्याकडे एवढं करता येईल : माहिती अधिकाराचा अर्ज त्या कार्यालयाला टाका. हा मजकूर कुणी लिहिला, कोणाच्या आदेशानं पाठवला, त्यावर किती खर्च झाला आणि कोणत्या एजन्सीला दिला, असे सुटे सुटे प्रश्न विचारा. ‘हे कायदेशीर आहे का’ असं विचारू नका, मत देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस.

तो मजकूर तुम्ही स्वतः टाकलात की नाही, हे मात्र पत्रात लिहिलेलं नाही.