पक्षाच्या नावामुळे मत पडतं का?

थेट मत पडत नाही, पण नावामुळे ओळख मिळते आणि तिची किंमत मोठी असते. काँग्रेसमधून फुटलेल्यांकडे बघा. तृणमूल (1998), राष्ट्रवादी (1999), वायएसआर (2011): भांडण काँग्रेसशी, तरी नावात ‘काँग्रेस’ राखलीच. पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा शब्द कोण सोडेल?

नावातून पक्षाचं धोरण मात्र फारसं कळत नाही. नाव भावनेला हात घालतं. ‘शिवसेना’ म्हटलं की आधी शिवाजी महाराज आठवतात, जाहीरनामा नंतर. म्हणूनच 2022च्या फुटीनंतर दोन्ही गट त्या नावासाठी निवडणूक आयोगापुढे आणि कोर्टात झगडले.

आता महत्त्वाची गोष्ट. मतदान यंत्रावर पक्षाचं नाव नसतंच! उमेदवाराचं नाव, फोटो आणि चिन्ह, एवढंच. त्यामुळे बटण दाबताना खरं काम चिन्ह करतं. 2024च्या लोकसभेला शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस, आणि काही अपक्षांना मिळाली नुसती तुतारी, म्हणजे लोकांच्या भाषेत पिपाणी. साताऱ्यात पवारांच्या पक्षाचे शशिकांत शिंदे सुमारे 33 हजारांनी पडले. पिपाणीवाल्या अपक्षाला 37 हजारांवर मतं होती. दिंडोरीत याच पक्षाचे उमेदवार होते भास्कर भगरे, आणि पिपाणीवाल्याचं आडनावही भगरेच. त्याने लाखावर मतं घेतली, तरी भास्कर भगरे सर निवडून आले.

साताऱ्यातली ती सगळी मतं चुकूनच पडली असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण अनोळखी अपक्षाला एवढी मतं सहसा पडत नाहीत. इतकी सारखी चिन्हं देणं हा मला तरी मतदारावर अन्याय वाटतो.