सोलापुरात हाताचा आणि खांद्याचा इलाज: पुण्याला जायच्या आधी

तुम्ही विचारलंय, की आईचं वय 58, साखर आहे, उजवा खांदा तीन महिन्यांपासून वर जात नाही आणि रात्री त्याच हाताच्या बोटांना मुंग्या येऊन जाग येते. सोलापुरातच परवडेल असा चांगला डॉक्टर मिळेल का, की सरळ पुणं गाठावं?

ही दोन्ही दुखणी आमच्या घरात होऊन गेली आहेत. मुंग्या मला, खांदा सासूबाईंना. म्हणून जरा सविस्तर लिहिते. पुण्याला जायची वेळ बहुतेक येणार नाही, पण सोलापुरात कुणाकडे जाता याला मात्र फार महत्त्व आहे.

आमचा कडक भाकरी करून विकायचा घरगुती व्यवसाय आहे. एरवी रोजच्या दोनशे-अडीचशे भाकऱ्या. भोगी-संक्रांतीच्या आधी आणि गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत त्याच्या दुप्पट. पीठ मळताना सगळा जोर तळव्याच्या मनगटाकडच्या भागावर येतो, आणि नेमकी तिथूनच हाताची एक मोठी नस जाते. तीन वर्षांपूर्वी रात्री दोन-अडीचला जाग यायला लागली. बोटं बधिर, जड. हात झटकला, पलंगाखाली लोंबकळत सोडला की बरं वाटायचं. मग सकाळी चहाचा कप हातातून सुटायला लागला.

आधी मी एका मोठ्या दवाखान्यात गेले. तिथे माझ्या हाताला कुणी हातही लावला नाही. मानेचा एमआरआय सांगितला, 'मानेत नस दबली आहे' म्हणाले, दहा दिवस मानेला वजन लावून ताण दिला. नऊ हजारांच्या आसपास गेले आणि मुंग्या होत्या तशाच. मला पैशांपेक्षा त्यात गेलेल्या चार महिन्यांचं वाईट वाटतं. नस जास्त दिवस दबून राहिली तर अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसाचा उंचवटा वाळतो, आणि एकदा तो वाळला की ऑपरेशननंतरही पूर्ण भरून येईलच असं नाही.

दुसरा रस्ता दाखवला शेजारच्या अक्कांनी. त्या पूर्व भागातल्या, तीस वर्षं विड्या वळल्या. पान कापायच्या कात्रीनं त्यांचा अंगठा अडकायला लागला होता: वाकवला की तसाच राहायचा आणि दुसऱ्या हातानं सरळ केला की 'कट्' आवाज यायचा. डॉक्टर याला ट्रिगर थंब म्हणतात. अक्का एका हाडांच्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या, ज्यांनी हात आणि खांद्याचं वेगळं शिक्षण घेतलं आहे आणि स्वतःचा छोटा दवाखाना चालवतात. एका इंजेक्शनात अंगठा मोकळा झाला. त्यांनीच मला ओढून नेलं.

दोन खोल्यांचा दवाखाना. भिंतीवर दरपत्रक लावलेलं. तपासणीचे 400 रुपये, पंधरा दिवसांत परत आलात तर वेगळे पैसे नाहीत. (महाराष्ट्रात 2021 पासून खाजगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची, असा नियमच आहे. दिसलं नाही तर मागा. मागायला संकोच वाटू देऊ नका.)

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मुंग्या नेमक्या कुठल्या बोटांना?" मी म्हटलं, सगळ्याच. ते म्हणाले, "आज रात्री जाग आली की नीट बघा, करंगळीला येतात का?" बघितलं. करंगळीला येत नव्हत्या. अंगठा, पहिलं बोट, मधलं आणि अनामिकेची अर्धी बाजू, एवढ्याच भागात. मनगटातून जाणारी मीडियन नस नेमकी तेवढ्याच भागाला संवेदना देते. करंगळी आणि अनामिकेची दुसरी बाजू यांना मुंग्या असत्या तर दुसरी नस, जी बहुतेक कोपरापाशी दबते, ती तपासावी लागली असती. मग त्यांनी दोन्ही मनगटं खाली वाकवून एक मिनिट धरायला लावली. चाळीस सेकंदांतच मुंग्या सुरू झाल्या. मनगटावर बोटानं टिचक्या मारल्या, करंट बसावा तशी चमक मधल्या बोटापर्यंत गेली. मान फिरवून बघितली, अंगठ्याची ताकद बघितली. वीस मिनिटं गेली आणि एकही मशीन लागलं नाही. निदान झालं: कार्पल टनेल सिंड्रोम, म्हणजे मनगटात नस दबणं.

तपासण्या त्यांनीही सांगितल्या, पण दोनच. साखर आणि थायरॉईड. कारण या दोन आजारांत हा त्रास जास्त दिसतो. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला, 350 रुपयांचा. सहा आठवडे लावला, बराच फरक पडला, पण संक्रांतीच्या हंगामात पुन्हा मूळपदावर आले. तेव्हा कुठे नसेतून संदेश किती वेगानं जातो हे बघणारी एनसीव्ही तपासणी झाली, एक इंजेक्शन झालं, आणि त्यानंतर पाच महिन्यांनी ऑपरेशन ठरलं.

ऑपरेशनच्या खर्चाबद्दल मोकळेपणानं सांगते, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. मला सगळं मिळून 13,000 लागले. त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी याच ऑपरेशनचं पॅकेज 45,000 सांगितलं होतं. मला वाटलं, स्वस्तात काहीतरी कमी करत असतील. विचारलं, तर डॉक्टरांनी कागदावर लिहून दाखवलं. पूर्ण भूल नाही, म्हणून भूलतज्ज्ञांची फी नाही. भूल नाही म्हणून आदल्या दिवशीच्या दहा तपासण्या नाहीत, उपाशी राहणं नाही, खोलीचं भाडं नाही. तळहातात फक्त तेवढीच जागा बधिर करायची. त्या औषधात ॲड्रेनालिन मिसळलेलं असतं, त्यामुळे रक्त कमी येतं आणि दंडाला तो आवळणारा पट्टा बांधावा लागत नाही. पूर्वी डॉक्टरांना शिकवत, की बोटांच्या भागात ॲड्रेनालिन देऊ नका, बोट काळं पडेल. कॅनडाचे हँड सर्जन डोनाल्ड लालोंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये ओळीनं 3,110 रुग्णांचा अनुभव मांडला, त्यात एकाचंही बोट गेलं नव्हतं. तेव्हापासून ही पद्धत जगभर पसरली. म्हणजे यात स्वस्त आहे ते फक्त अनावश्यक गोष्टी गाळल्यामुळे. ऑपरेशन तेच, नसेवरचा जाड पडदा कापून तिला जागा करून द्यायची.

मी पूर्ण जागी होते, डॉक्टरांशी पिठाच्या भावाबद्दल बोलत होते. पंधरा-वीस मिनिटांत झालं. रिक्षानं घरी आले आणि त्या रात्री किती तरी महिन्यांनी सलग झोपले. टाके तेराव्या दिवशी निघाले. पीठ मळायला मात्र सहा आठवडे थांबायला लावलं, आणि तळव्यात दाब दिला की दुखणं त्यानंतरही दोन-तीन महिने होतं. हे त्यांनी आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही.

आता खांदा. सासूबाईंना साखर आहे, तुमच्या आईंसारखीच. त्यांना वेणी घालता येईना, मागे हात नेता येईना. इथेही दोन शक्यतांमधला फरक हातानेच कळतो. डॉक्टरांनी त्यांचं कोपर अंगाला चिकटवून ठेवलं आणि पंजा बाहेरच्या बाजूला वळवायचा प्रयत्न केला. वळलाच नाही. रुग्णानं वळवला तरी नाही आणि डॉक्टरांनी वळवला तरी नाही, म्हणजे सांध्याभोवतीचं आवरणच आवळलं आहे. हा फ्रोझन शोल्डर. उलट, रुग्णाला स्वतः हात उचलता येत नाही, पण डॉक्टरांनी उचलला तर सहज वर जातो, तर खांद्याचा स्नायू किंवा त्याची दोरी फाटली असण्याची शंका येते. तेव्हासुद्धा लगेच एमआरआय लागतोच असं नाही. अनुभवी रेडिओलॉजिस्टनं केलेली खांद्याची सोनोग्राफी पूर्ण फाटलेली दोरी चांगली ओळखते आणि खर्च बराच कमी येतो.

सासूबाईंचा फक्त एक साधा एक्स-रे झाला. सांध्यात एक इंजेक्शन दिलं आणि बजावलं, की पुढचे काही दिवस साखर वाढेल, रोज मोजा. खरंच वाढली, 260 पर्यंत गेली, आठवड्यात खाली आली. हे न सांगता कुणी साखरेच्या माणसाला स्टेरॉईडचं इंजेक्शन देत असेल तर तिथून उठा. मग फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं, पण पाचच वेळा. शेक, करंट असलं महिनाभर नाही. पाच दिवसांत व्यायाम शिकायचे आणि घरी करायचे: पुढे वाकून हात लंबकासारखा हलवायचा, भिंतीवर बोटांनी चढत जायचं, पाठीमागे टॉवेल धरून वरच्या हातानं ओढायचा. टॉवेलची आपल्याकडे काय कमी! दिवसातून तीनदा, आधी गरम पाण्यानं शेकून. सासूबाई कुरकुरायच्या, रडायच्याही. पण आठ महिन्यांत वेणी घालता आली, दीड वर्षात हात जवळजवळ पूर्ण वर गेला. हा आजार वेळ घेतो. एक ते तीन वर्षं लागू शकतात, हे आईंना पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर दोन महिन्यांत धीर सुटतो आणि मग लोक मालिशवाल्याकडे जातात. तिथे जोरानं हात ओढून हाड मोडलेल्या एक बाई मला त्याच दवाखान्यात भेटल्या होत्या. कृपा करून ते करू नका.

आणि एक. खांदा आखडणं, मनगटातली नस दबणं, बोट अडकणं, तिन्ही साखरेच्या माणसांत जास्त होतं. आईंची दोन दुखणी एकाच मुळाची असू शकतात. म्हणून दोन्ही एकत्र बघणारा, आणि मानही तपासणारा डॉक्टर हवा. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, किती आहे हे विचारल्याशिवाय जो ऑपरेशनची तारीख देतो, त्याच्याकडे मी माझ्या माणसाला नेणार नाही.

छोट्या दवाखान्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. तिथे रात्री कुणी नसतं, आयसीयू नसतं. मशीनमध्ये हात सापडला, कापलं आणि बोट वाकत नाही किंवा बधिर झालं, काटा-सुई टोचून बोट सुजून ताठ झालं, तर छोट्या दवाखान्याच्या वेळेची वाट बघू नका. सरळ सिव्हिल किंवा प्लास्टिक सर्जन असलेलं मोठं रुग्णालय गाठा. आपल्या गावात यंत्रमाग आहेत म्हणून हेही लिहिते: बोट तुटलं तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीचं तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं तर ते खराब होतं. आणि डाव्या खांद्याच्या दुखण्याबरोबर घाम, छातीत दडपण असेल तर आधी ईसीजी.

पैशांची सोय म्हणाल तर घरात कुणी कारखान्यात असेल आणि पगार महिना 21,000 पर्यंत असेल तर राज्य कामगार विमा योजनेचं कार्ड आहे का बघा, त्यात आई-वडिलांनाही उपचार मिळू शकतात. महात्मा फुले जन आरोग्य योजना आपल्या जिल्ह्यात 2012 पासून, अगदी पहिल्या टप्प्यापासून आहे (तेव्हा तिचं नाव राजीव गांधी जीवनदायी होतं). छोटे स्वतंत्र दवाखाने सहसा तिच्यात नसतात, पण मोठं ऑपरेशन निघालं तर 155388 वर विचारा किंवा योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. गोळ्या जन औषधी दुकानातून घेतल्या तर खूपच कमी पैसे लागतात. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा.

डॉक्टरांचं नाव इथे जाहीर लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही. पण सोलापुरात हात-खांद्याचं काम करणारे एकच डॉक्टर आहेत असं नाही. एम.एस. किंवा डी.एन.बी. ऑर्थो, किंवा प्लास्टिक सर्जन, आणि त्यावर हाताच्या शस्त्रक्रियेचं वेगळं प्रशिक्षण, एवढं विचारून घ्या. केसपेपरवर नोंदणी क्रमांक असतोच.

जायच्या आधी आठवडाभर आईंना एक वही द्या. रात्री किती वाजता जाग आली, कुठल्या बोटांना मुंग्या होत्या, करंगळीला होत्या की नाही, हात झटकल्यावर थांबल्या का. साखरेचे जुने रिपोर्ट, चालू गोळ्या आणि आधी काही एक्स-रे काढला असेल तर तो बरोबर घ्या. आणि आईंना सैल बाह्यांचा ब्लाऊज घालून न्या, खांदा नीट तपासता येतो. सासूबाईंना मी घट्ट बाह्यांचा घालून नेलं होतं, अर्धा वेळ तो काढण्यातच गेला.