गुडघ्याखाली पाय नसलेला सायकलपटू आंतरराष्ट्रीय शर्यतीत कोणत्या गटात बसतो?

ताई, तुम्ही विचारलंय की भावाचा डावा पाय गुडघ्याखाली नाही, ६० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र आहे, तर त्याला कोणता गट मिळेल. आधी ते प्रमाणपत्र बाजूला ठेवा. टक्केवारी लागते ती एसटीच्या सवलतीला आणि नोकरीतल्या राखीव जागेला. शर्यतीत बघतात ते वेगळं: पेडल मारताना शरीर किती साथ देतं. तपासणारे हातपाय तपासतात, सायकलवर बसवूनही बघतात.

मी लातूरचा, माझाही पाय असाच गेला, उसाच्या ट्रॉलीखाली. एका कार्यालयात मला ‘टक्के वाढवून आणा, मग बघू’ म्हणाले होते! मी दोन महिने त्याच नादात घालवले.

नियम यूसीआयचे, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेचे. साध्या सायकलवाल्यांचे गट सी १ ते सी ५; आकडा जितका लहान तितकी अडचण मोठी. नकली पाय लावून चालवणारा तुमच्या भावासारखा खेळाडू बहुधा सी ४ मध्ये जातो. मांडीतून पाय गेलेला आणि एकाच पायानं चालवणारा सी २ मध्ये. तोल राहत नसेल तर तीनचाकी, पाय चालत नसतील तर हातानं फिरवायची सायकल. अंध खेळाडू जोडसायकलवर मागं बसतो, पुढं डोळस साथीदार. रस्त्यावर मुख्य शर्यती दोन: एकेकट्यानं घड्याळाशी, किंवा सगळ्यांनी एकदम सुटून.

पॅरिसला २०२४ मध्ये भंडारा जिल्ह्यातली ज्योती गडेरिया आणि आंध्रचा अर्शद शेख उतरले. पॅरालिम्पिकमध्ये भारताकडून सायकल चालवणारे हे पहिलेच. सरावासाठी हैदराबादच्या आदित्य मेहता फाउंडेशनकडं विचारा. आपल्याला मुंबईपेक्षा ते जवळ पडतं.

आता खरं दुखणं. पेडल मारताना पाय वर आला की सॉकेटची, म्हणजे नकली पायाच्या ज्या वाटीत उरलेला पाय बसतो तिची, मागची कड गुडघ्यामागं रुतते, कातडी सोलते. पाय बनवणाऱ्याकडून ती कड थोडी खाली उतरवून घ्या आणि त्या बाजूचा क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, आखूड बसवा, म्हणजे गुडघा कमी वाकवावा लागतो. जयपूर फूट पेडलवरून घसरतो. मी सुरुवातीला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधायचो, पण पडताना पाय सुटला नाही आणि कोपर फुटलं. तो उद्योग करू नका, क्लिपचे पेडल घ्या, बूट त्यात अडकतो आणि टाच फिरवली की सुटतो. आणि मे महिन्यात औशाच्या रस्त्याला उजाडायच्या आत निघतो तरी घामानं सॉकेट फिरतंच, म्हणून सॉकेटच्या आत घालायला खिशात एक कोरडा मोजा असतो.