शांतता समितीने विश्वास परत येतो का?

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी आमच्या गावात दंगल झाली. तेव्हाच्या धरपकडीपासून आमच्या मोहल्ल्यातील माणसे पोलीस ठाण्याची पायरी चढायला धजत नाहीत. आता मला शांतता समितीवर घेतले आहे, परंतु तिची बैठक फक्त सणासुदीच्या तोंडावर होते. यातून काही साधेल का?
— एक वाचक

उत्तर : सणापुरत्या बैठकीतून बंदोबस्त साधतो, विश्वासाचे काम वेगळे आहे. भिवंडीने 1970 आणि 1984 अशा दोन मोठ्या दंगली पाहिल्या होत्या. तेथे 1988 नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी ज्या मोहल्ला समित्या उभ्या केल्या, त्यांत ठरावीक पुढाऱ्यांऐवजी दोन्ही समाजांतील साधी माणसे घेतली आणि त्या भागातील पोलिसांसह त्यांना नियमितपणे एकत्र बसवून किरकोळ तंटेही तेथेच ऐकले. 1992-93 मध्ये शेजारची मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली, याचे बरेचसे श्रेय या समित्यांना दिले जाते. त्याच भिवंडीत जुलै 2006 मध्ये कब्रस्तानालगतच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून संघर्ष पेटला, गोळीबारात नागरिक मरण पावले आणि जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. एकदा कमावलेली पत पुढल्या अधिकाऱ्याला वारशाने मिळत नाही, ती रोजच्या कामातून पुन्हा कमवावी लागते.

म्हणून समितीत आपण दरमहा बैठकीचा आग्रह धरावा, आणि चहा-भाषणांपेक्षा (ती आपल्याकडे कधीच कमी पडत नाहीत) प्रलंबित तक्रारींचा आढावा आधी मागावा. ज्याचे दुकान जळाले, त्याला सलोख्याचे आवाहन ऐकवण्यापूर्वी त्याच्या गुन्ह्याचा तपास कुठवर आला हे सांगायला हवे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि खटल्यांच्या कार्यपद्धतीचा कायदा) कलम 193 नुसार तपासाची प्रगती 90 दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि कलम 173 नुसार प्रथम खबरी अहवालाची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटविना अटक करू शकतात) असूनही नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून बोळवण झाली, तर त्याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी तक्रार पाठवता येते. पहिल्यांदा ठाण्यात जाणाऱ्याबरोबर समितीतील दुसऱ्या समाजाचा सदस्यही गेला, तर ठाणे अंमलदाराच्या बोलण्यात बहुधा फरक पडतो.