होणारा नवरा सैन्यात पादरी, मग माझी सेवा काय?

सलाम. तुझा प्रश्न दोनदा वाचला. होणारा नवरा सेमिनरीतून थेट सैन्यात धर्मगुरू म्हणून निवडला गेलाय आणि लग्न मे महिन्यात आहे. तुझी धास्ती अशी, की गावच्या मंडळीत पाळकबाईला महिला मंडळ, शब्बाथ शाळा, घरभेटी असं काम आपसूक मिळतं, छावणीत मात्र तू नुसती 'साहेबांची बायको' होऊन बसशील. बालपणापासून सेवेची ओढ आहे, ती वाया जाईल का, असं विचारलंयस. मी एकोणीस वर्षं याच घरात काढली. यजमान सुभेदार होऊन निवृत्त झाले. तेव्हा जरा लांबण लावते.

आधी एक गैरसमज दूर करते. नेटवर शोधलंस तर अमेरिकेतल्या नाहीतर इंग्लंडमधल्या चॅप्लेनच्या, म्हणजे तिकडच्या सैन्यातल्या धर्मगुरूंच्या, बायकांचं लिखाण सापडेल. ते वाचून घर मांडू नकोस. तिकडे चॅप्लेन हा कमिशन्ड अधिकारी असतो. अमेरिकन तळांवर 'प्रोटेस्टंट विमेन ऑफ द चॅपल' अशी बायकांची मंडळंही असतात. आपल्या सैन्यात पंडित, ग्रंथी, मौलवी, बौद्ध भिक्खू आणि पादरी सगळे एकाच पद्धतीने घेतले जातात. भरती होते ती जेसीओ म्हणून, म्हणजे शिपाई आणि कमिशन्ड अधिकारी यांच्या मधल्या फळीत, नायब सुभेदार हुद्द्यावर. म्हणजे तुला क्वार्टर मिळेल ते जेसीओचं, बंगला नाही. तुला कोणी 'मेमसाब' म्हणणार नाही, 'भाभीजी' म्हणतील. माझ्या मते हे बरंच आहे. का ते पुढे कळेल.

त्याचं काम काय, तेही नीट समजून घे. पदवी हवी, दीक्षा झालेली हवी आणि स्थानिक बिशपांच्या मान्य यादीत नाव असायला हवं. निवडीनंतर पुण्याच्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत सगळ्या धर्मांचे गुरू एकत्र शिकतात, एकमेकांच्या प्रार्थना ऐकतात. आमचे यजमान तिथून आले ते शिखांच्या जपजी साहिबच्या चार ओळी गुणगुणतच. पुढे पलटणीत रविवारची उपासना, अंत्यविधी, दवाखान्यात आजाऱ्यांजवळ बसणं, शिक्षा भोगणाऱ्या जवानांना भेटणं, मुलांना धर्मशिक्षण. यात धर्मप्रचार कुठेच नाही, हे आजच मनाशी पक्कं कर. कॅथलिक जवानांची मिस्सा त्यांचे फादरच करतात, आणि फादरांना बायको नसते. त्यामुळे पादरीची बायको म्हणून जी कोणी असते ती बहुतेक आपल्यासारखी प्रोटेस्टंट. म्हणूनच अशा बायका मोजक्या, आणि सल्ला द्यायलाही जवळपास कोणी नसतं.

आता माझं सांगते. मी नगरची, भिंगारजवळची. के. के. रेंजवर रणगाड्यांचा सराव सुरू झाला की आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. सैन्य म्हणजे काय हे मला ठाऊक आहे अशा तोऱ्यात मी उत्तराखंडातल्या राणीखेतला उतरले. कुमाऊँ रेजिमेंटचं केंद्र तिथलं, आणि नागा रेजिमेंटही तिथलीच, १९७० साली तिथेच उभी राहिली. त्या पलटणीत निम्मे नागा, बाकीचे कुमाऊँनी, गढवाली, गोरखा. म्हणजे पादरीही हवा आणि पंडितही.

पहिल्या रविवारी मी पेटी घेऊन बसले. आपली नारायण वामन टिळकांची भजनं म्हणायची हौस. दोन कडवी झाली, सगळ्या नागा बायका आदराने गप्प. मग मागच्या बाकावरून एकीने हळूच सूर धरला आणि बघता बघता चार आवाज चार पट्ट्यांत उभे राहिले, ना पेटी ना तबला. त्यांच्या गीतपुस्तकांत शब्दांच्या डोक्यावर ड-र-म अशी स्वरांची अक्षरं छापलेली असतात, लहानपणापासून त्यावर बोट ठेवून त्या गातात. मी पेटीचं झाकण लावलं. 'महिला मंडळ चालवीन' म्हणून आलेली मी पुढचे सहा महिने आल्टो, म्हणजे बायकांच्या आवाजातली खालची पट्टी, लावायला शिकत होते, आणि माझी शिक्षिका होती एका शिपायाची बावीस वर्षांची बायको.

तिथेच दुसरं कळलं. नागा जवान बहुतेक बाप्टिस्ट. ते तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. मोठेपणी, समजून उमजून, पूर्ण बुडवून. आपल्याकडे लहान मुलाच्या डोक्यावर पाणी घालतात. पहिलं बारसं निघालं तेव्हा मी उत्साहाने पांढरा झबला शिवला आणि बाप्तिस्म्याचं बोलून बसले. त्या आईचा चेहरा गोंधळला. बाळाला फक्त प्रार्थनेने देवाला समर्पित करायचं होतं. झबला तिने प्रेमाने घातला, पण मी त्या दिवसापासून आधी विचारायला लागले. मंडळी कुठली, बोली कुठली, घरी प्रार्थना कशी करता. आओ, अंगामी, सुमी, प्रत्येकाची भाषा वेगळी. आपसात नागामीज, आमच्याशी फौजी हिंदी.

पण मला खरं घडवलं ते शेजारच्या पंडिताईनने, म्हणजे पलटणीतल्या पंडितजींच्या बायकोने. गढवालची, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, शुद्ध शाकाहारी. आमच्याकडे नागा बायका यायच्या आणि येताना अखुनी आणायच्या, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. तो वास ज्याने घेतलाय त्यालाच ठाऊक. पहिल्यांदा शिजवलं तेव्हा भिंतीपलीकडून हाक आली, "भाभी, कुछ मर गया है क्या?" मी लाजेने मेले. पण दुसऱ्या वेळी तिने स्वतःच खिडकी लावून घेतली आणि संध्याकाळी विचारलं, भात उरलाय का, मुलाला हवाय.

एका रात्री अकराच्या सुमाराला यजमानांना बोलावणं आलं. नवरे फील्डवर, म्हणजे कुटुंब सोबत नेता येत नाही अशा ठिकाणी, असलेली कुटुंबं आमच्याच खालच्या ओळीत राहायची. त्यातला एक गढवाली जवान गेल्याची बातमी होती. अधिकारी सांगून गेले होते. पंडितजी आणि यजमान बाहेर पुरुषांपाशी थांबले, आम्ही दोघी आत गेलो. त्याची बायको भिंतीला टेकून बसलेली, डोळे कोरडे. मला वाटलं, हीच ती वेळ, ज्यासाठी मी आले. मी तिचा हात धरून बोलायला लागले. देवाची योजना, त्याची इच्छा, असलं काहीतरी. तिने हात सोडवून घेतला. ओरडली नाही, नुसता सोडवून घेतला. पंडिताईनने माझ्या कानाशी म्हटलं, "बोलना मत. रसोई देख."

गॅसवर कुकर होता. गहतची डाळ, म्हणजे आपला कुळीथ. उतरवून ठेवला. ओट्यावर पोराचा शाळेचा स्वेटर ओला पडलेला, तो पिळून बुखारीजवळ, म्हणजे खोली ऊबदार ठेवणाऱ्या शेगडीजवळ, वाळत घातला. पाणी भरलं. चहा किती वेळा केला कोण जाणे. पहाटे पोरगं उठलं, त्याला दूध-बिस्किट भरवलं. कुळीथ कोणी खाल्ला नाही. सकाळी तोच कुकर घासत बसले होते, तेव्हा ती पहिल्यांदा रडली. पंडिताईन जवळ होती. मी नळ बंद केला आणि भांडी तशीच ठेवली.

तू 'सेवा' म्हणतेस, तिची माझ्या डोळ्यांसमोरची आकृती ही अशी आहे. त्यानंतर दुःखाच्या घरात वचन उघडायचं ते समोरच्याने मागितल्यावरच, हा नियम मी स्वतःला घालून घेतला. ख्रिस्ती घरात मागतात, लगेच मागतात, आणि तेव्हा सोबत पवित्र शास्त्र नसेल तर लाजिरवाणं होतं. म्हणून हिंदी प्रत कायम पिशवीत. हिंदू घरात पिशवी उघडत नव्हते. काही जणांना हे बोटचेपं वाटेल. नगरच्या माझ्या एका आत्याला वाटायचंच. "मीठ आहेस ना तू, मग चव कळू दे की," म्हणायची. तिच्याशी मी वाद घातला नाही, पण पटलं तर मुळीच नाही. ज्या बाईचा नवरा गेलाय आणि राहतं घर सैन्याचं आहे, तिच्यासमोर सैन्यातल्या पादरीची बायको धर्म घेऊन बसली तर ती नको कशी म्हणणार?

आता ते 'भाभीजी' प्रकरण. पलटणीत बायकांसाठी 'आवा' आहे, आर्मी वाइव्ज वेल्फेअर असोसिएशन, १९६६ पासूनची. शिवणवर्ग, आरोग्य तपासणी, वीर नारींची, म्हणजे शहीद जवानांच्या पत्नींची, कामं तिथून होतात, आणि चांगली होतात. तू तिथे जा, हात लाव. पण वेल्फेअरच्या दिवशी समोर अधिकाऱ्यांच्या बायका बसलेल्या असतात, शिपायाची बायको तिथे सगळं बोलत नाही. ती संध्याकाळी तुझ्या दारात येते. साखर मागायला आलेली असते, साखर नको असते. नवरा पितो, सासू पैसे मागते, दिवस राहिलेत आणि सांगायचं कुणाला. तू ना तिच्या नवऱ्याच्या वरच्या साहेबाची बायको, ना अगदी तिच्या बरोबरीची. ही मधली पायरी फार उपयोगाची. एकच अट, ऐकलेलं पोटात ठेवायचं. एका वरिष्ठ बाईंनी मला एकदा गोड शब्दांत विचारलं होतं, लाइनीत, म्हणजे जवानांच्या क्वार्टरांत, काय चाललंय. मी म्हटलं, "मॅडम, ख्रिसमसच्या गाण्यांची तयारी चाललीय." त्या समजल्या. यजमानांनाही मी नावं सांगत नसे. नवऱ्याच्या नोकरीवर परिणाम होईल अशी शंका एकीलाही आली, की दुसऱ्या दिवसापासून दार वाजायचं थांबतं.

कोरडी वर्षंही येतील. यजमान फील्डवर गेले तेव्हा मी दोन वर्षं मुलांना घेऊन नगरला होते. तिथल्या मंडळीत मी पाळकबाई नव्हते, लाइनीतली भाभीही नव्हते. रविवारी मागच्या बाकावर बसायचे. लोक विचारायचे, "तुमचे साहेब कुठल्या चर्चचे?" काय सांगणार! त्या काळात माझी प्रार्थना जवळजवळ बंद पडली होती, हे कबूल करते. राणीखेतच्या दोन नागा बायकांचे फोन यायचे आणि त्या फोनवरच एक कडवं म्हणायच्या. मी आल्टो लावायचे. तेवढ्यावर तगले.

तुझी शेवटची शंका बी.एड. सोडू का. मुळीच सोडू नकोस, पूर्ण कर. बदल्या होत राहतात, पण शाळा प्रत्येक छावणीजवळ असते. हिंदी बोलायची सवय आत्ताच लाव, पुस्तकी नको. लोखंडी ट्रंका दोन घे, मोठी एक नको, उचलायला माणूस मिळत नाही. आणि लग्नाआधी एकदा सेमिनरीतल्या पाळकांपेक्षा एखाद्या निवृत्त जेसीओच्या बायकोशी बोल, मग ती कुठल्याही धर्माची असो.

पहिलं स्टेशन कळलं की इथे लिही. राणीखेत निघालं तर तिथे इंग्रजांच्या वेळचं एक जुनं चर्च आहे, त्यात आता रेजिमेंटचे शाली आणि ट्वीड विणायचे माग चालतात. आत शिरलीस की उंच छताखाली खटखट ऐकू येईल. तीन वर्षांपूर्वी मी गेले होते. खालच्या ओळीतली ती तिथे मागावर होती. मला ओळखून हसली, धागा न सोडता म्हणाली, "भाभी, आपके यहाँ भी गहत होती है ना?" पुढच्या वेळी जाताना तिच्यासाठी नगरचं कुळथाचं पीठ न्यायचं आहे. तू आधी पोचलीस तर पत्ता कळव, तुझ्याकडेच पाठवते.