लेक फोर्कचा तळ कोरड्या वर्षात पाहून घ्या

प्रश्न : शनिवार-रविवारी टेक्सासमधल्या लेक फोर्क तलावावर बास मासा धरायला जातो. हवाई छायाचित्रांवरून जागा हेरता येतात म्हणे, पण गूगल अर्थवर मला नुसतं हिरवट-काळं पाणी दिसतं. नेमकं बघायचं काय? (एक वाचक, डॅलस)

उत्तर : भरलेल्या तळ्याचा फोटो कितीही मोठा केलात तरी तळ दिसणार नाही. पाणी ओसरलेलं असतानाचा फोटो शोधा. २०११ साली टेक्सासमध्ये मोठा दुष्काळ पडला होता, तिथून सुरुवात करा.

संगणकावर गूगल अर्थ प्रो फुकट मिळतं. वरच्या पट्टीतलं घड्याळाचं चिन्ह दाबलं की जुने फोटो उघडतात. काठची उघडी माती ज्यात सर्वांत रुंद दिसेल तो निवडा, तारीख टिपा आणि 'वॉटर डेटा फॉर टेक्सास' या संकेतस्थळावर त्या दिवशीची पाणपातळी काढा. लेक फोर्क भरलेलं असतं तेव्हा पातळी समुद्रसपाटीपासून ४०३ फूट. समजा, फोटोच्या दिवशी ती ३९८ होती. मग त्यातली पाण्याची कड म्हणजे भरल्या तळ्यातली ५ फूट खोलीची रेषा. ती गूगल अर्थच्या 'पाथ' या रेषा आखायच्या साधनाने आखून घ्या. वेगळ्या पातळीच्या दुसऱ्या फोटोवरून आणखी एक रेषा आखा. दोन रेषा जवळ येतात तिथे उतार तीव्र, लांब जातात तिथे सपाटी.

आता खुणा करा. पाण्यात घुसलेली जमिनीची सोंड, तिला खेटून वळणारं ओढ्याचं पात्र, बुडालेला रस्ता, उभ्या खोडांच्या रांगेची कड. आमच्या मते सर्वांत मोलाची खूण म्हणजे जुन्या शेततळ्याचा बांध, त्यातही तो फुटला असेल तर ते खिंडार. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बास अंडी घालायला वाऱ्यापासून आडोशाच्या, साधारण २ ते ८ फूट खोल खाड्यांत येतो, तेव्हा सपाटी धुंडाळा. उन्हाळ्यात ओढ्याची खोल कड धरा.

हायड्रिला या पाण्याखालच्या तणासाठी मात्र जुना फोटो कुचकामी, कारण ती दरवर्षी जागा बदलते. तिथे अलीकडच्या उन्हाळ्यातलाच फोटो हवा.

आणि हो, लेक फोर्कवर १६ ते २४ इंच लांबीचा बास परत सोडावाच लागतो.

प्रश्न : पिन टाकली तिथेच बोट नेली, तर बांधाचा पत्ताच नाही! (एक वाचक, ह्यूस्टन)

उत्तर : बहुधा अक्षांश-रेखांश उतरवताना घोळ झाला. गूगल अर्थ अंश-मिनिटं-सेकंद दाखवतं, बरेच फिश फाइंडर (बोटीवरचं मासे आणि खोली दाखवणारं यंत्र) अंश आणि दशांश मिनिटं मागतात. ३२°५१′१२″ हे ३२°५१.१२′ असं टाकलं की बोट सुमारे १५० मीटर दक्षिणेला जाते. बरोबर आकडा ३२°५१.२००′. गूगल अर्थच्या ऑप्शन्समध्ये 'डिग्रीज, डेसिमल मिनिट्स' निवडलंत की प्रश्नच मिटतो.

तेही ठीक असेल तर फोटो सरकलेला असू शकतो. बोट रॅम्पचा (बोट पाण्यात उतरवायच्या उताराचा) कोपरा जुन्या आणि नव्या फोटोत ताडून पाहा. जितका फरक, तितकी पिन हलवा. काठच्या झाडांची सावलीही फसवते, खोल डोहासारखी काळी दिसते. सगळ्या झाडांच्या एकाच बाजूला काळं दिसलं तर ती सावलीच. माऊस फिरवताना खाली दिसणाऱ्या उंचीवरून तर तळाची खोली मुळीच काढू नका.

प्रश्न : हीच युक्ती उजनीवर चालेल का? (एक वाचक, इंदापूर)

उत्तर : उजनीत बास नाही, पण तळ वाचायची रीत तीच. पळसदेवचं बुडालेलं देऊळ उन्हाळ्यात उघडं पडतं, त्या सुमाराचे एप्रिल-मेमधले फोटो घ्या. मरळीसाठी खोल पात्र सोडून गवताळ, उथळ कडा बघा. जलाशयातल्या मासेमारीचा हक्क सहसा संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे असतो. गळ टाकण्याआधी त्यांना विचारा.